पल्याडची माती

थोरलीच्या घराला दोन नद्या होत्या आणि प्यायला जवळ एकीचंही पाणी नव्हतं. घर डोंगराच्या खिंडीत, अगदी माथ्यावर. पावसात पुढच्या पन्हळीचं पाणी अंगणातून वाकडंतिकडं होत शेताच्या कडेने उतरायचं, धाकट्या दिराच्या सपाटीवरून जायचं आणि खालच्या नदीला मिळायचं. मागच्या पन्हळीचं पाणी परसातल्या कड्यावरून पल्याड उडी घ्यायचं आणि कुठल्यातरी दुसऱ्याच नदीत जायचं. ती नदी या घरातल्या कोणी पाहिलेली नव्हती. सासू होती तोवर म्हणायची, मागचं पाणी सवतीच्या घरी गेलं. त्या पाण्याचा तिला राग होता. पल्याडच्या माणसांचाही होता, त्यातल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं तरी. मागच्या बाजूला खुंटा ठोकायचा नाही, कुदळ मारायची नाही, खरकटंसुद्धा फेकायचं नाही, असा तिचा दंडक होता. त्या हावरटांना आपलं उष्टंही मिळता कामा नये, एवढंच कारण ती सांगायची.

थोरलीने सासूचा हा वारसा व्याजासकट सांभाळला होता. तिच्या लेखी माणसं तीन जातींची. पल्याडची, ती माणसांत धरायचीच नाहीत. खालची, म्हणजे धाकटा दीर, त्याची बायको आणि नदीकाठचं सगळं गाव. हे सगळे आयतोबा, पाणी दाराशी येतं आणि माती पायाशी येते, यांना नुसतं तोंड उघडायचं काम. आणि तिसरी जात वरच्यांची, म्हणजे आपली. या जातीत तिचा नवराही मोडत होता, पण तो नाइलाज म्हणून.

वरचं शेत म्हणजे उतरणीला कशीबशी चिकटलेली लांबट पट्टी. दर पावसात तिची माती सुटायची आणि खाली जायची. म्हणून सासऱ्याने शेताच्या पायथ्याशी मोठा खड्डा खणून ठेवला होता. वाहून आलेली माती त्यात बसायची, आणि पीक निघालं की उन्हाळाभर पाट्या भरभरून ती वर न्यायची, पुन्हा पसरायची. या घरात बायको आणायची ती याच कामासाठी. भावांची वाटणी झाली तेव्हा खड्डा धाकट्याच्या हिश्शात गेला. खड्ड्यात मुरलेल्या पाण्यावर त्याची विहीर भरायची. म्हाताऱ्याने दोघांना समोर बसवून सांगितलं, माती वरच्याची, पाणी खालच्याचं. दोघांनी माना डोलावल्या, आणि म्हातारा गेल्यावरही बरीच वर्षं त्या डोललेल्या मानांवर सगळं चाललं होतं.

थोरलीच्या डोक्यावर चुंबळ बसायची तिथले केस कधीच गेले होते. मान एका बाजूला किंचित कलली होती आणि उजवा गुडघा प्रत्येक चढावर कुरकुरायचा. उतार उतरायचा तर हातात पाटी हवीच, ही तिची खोडच झाली होती. खाली कोणाच्या मयताला गेली तरी पाटी कुंपणाशी ठेवायची आणि येताना भरून आणायची. गाव हसायचं. हसणाऱ्यांच्या पायाखालची माती कुठून आली ते तिला ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या हसण्याला ती शिंकेइतकीही किंमत देत नसे.

त्या वर्षी पीक निघाल्यावर ती पाटी घेऊन खाली उतरली, तर खड्ड्यात वाफे पाडलेले. वाफ्यांत भाजीची हिरवीगार रोपं, आणि काठावर पाय सोडून धाकटा बसलेला. अंगाने सुटलेला, गळ्याला घाम, हातात काडी. थोरलीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. रोपं नव्हती त्या कोपऱ्यात गेली, फावड्याने पाटी भरली, चुंबळ ठेवली, गुडघ्यावर पाटी घेऊन एका दमात डोक्यावर चढवली. तेवढं सगळं होईपर्यंत धाकटा काडीने दात कोरत गप्प बसला होता. पाटी डोक्यावर नीट बसली, तिने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा तो बोलला.

"वहिनी, ती पाटी रिकामी करा."

तिला वाटलं, थट्टा करतोय. धाकट्याने काडी फेकली. माती स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आली, मी काही बोलवायला गेलो नव्हतो, असं तो शांतपणे म्हणाला. म्हाताऱ्याचं बोलणं म्हाताऱ्याबरोबर गेलं. विहिरीवर त्याची बायको कपडे पिळत होती. नदीकाठच्या सुखवस्तू घरातली, घरातसुद्धा चपला घालणारी बाई. ती पिळायची थांबून बघू लागली. थोरलीने मान वाकवून पाटी उलटी केली. माती पायांवर पडली. आयुष्यात भरलेली पाटी तिने खालीच ओतली असं पहिल्यांदा झालं, आणि तेही या आळशी गोळ्याच्या सांगण्यावरून. रिकामी पाटी घेऊन चढताना तिचा गुडघा भरलेल्या पाटीपेक्षा जास्त दुखला.

घरी नवरा जेवायला बसला होता. तो दगडाच्या ताली रचायचा, चुना ना माती, नुसत्या दगडांच्या भिंती. गावात त्याला दगड्या म्हणत, आणि ते नुसतं कामावरून नव्हे. दुसऱ्याने रचलेली भिंत दिसली की त्याचा ओठ मुरडायचाच. मातीच्या कामाला मात्र तो हात लावत नसे, माती बायकांची. थोरलीने घडलं ते सांगितलं. तो ऐकत होता आणि घास घेत होता. शेवटी त्याने ताट पुढे सरकवलं, अजून वाढ म्हणून.

"तुमच्या भावाने मला भरली पाटी उलटी करायला लावली," ती म्हणाली, "आणि तुम्हाला भूक लागलीय. धन्य आहे तुमची. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तुम्हाला घामसुद्धा फुटत नाही."

तो उठला. हात धुतला, बाहेर गेला आणि बराच वेळ खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला. घरापासून हाकेच्या अंतरावर तिथे मातीदगडांचा कमरेएवढा उंचवटा होता. वरच्या डोंगरातली ओघळ त्याला येऊन थडकायची, वळायची आणि पुढच्या बाजूला, शेताच्या कडेने उतरायची. शेताची माती नेणारी तीच, धाकट्याच्या खड्ड्यात आणि विहिरीत पाणी भरणारीही तीच. नवरा परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, लग्नानंतर तिने फारशी पाहिली नव्हती अशी, तरतरी होती. हा उंचवटा फोडायचा, तो म्हणाला. पाणी पल्याड घालवायचं. आपली माती धुपणार नाही, म्हणजे कोणाच्या दारात मागायलाही जायला नको. आणि तो बसू दे विहिरीत तोंड घालून.

थोरलीला सासूचा दंडक आठवला. पण सासूचं म्हणणं पल्याडच्यांना काही द्यायचं नाही एवढंच होतं, आणि धाकट्याला पाणी मिळण्यापेक्षा पल्याडच्यांना मिळालेलं काय वाईट? निदान ते ओळखीचे तरी नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागली. तो पहारेने दगड हलवायचा, ती टिकावाने भोवतीची माती सोडवायची आणि घमेल्याने बाजूला टाकायची. वरचे दगड लवकर निघाले. खालचे एकात एक असे बसवलेले होते की तो ओठ मुरडायचंच विसरला. कोणी रचलंय हे, तो दोनदा म्हणाला. उन्हाने पहार तापायची, तिला ओला फडका गुंडाळावा लागायचा. थोरलीच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण मनाने ती हलकी झाली होती. दुपारी सावलीला बसल्यावर दोघं धाकट्याच्या पोटावरून, धाकटीच्या चपलांवरून, नदीकाठच्या गावाच्या आळसावरून एकेक काढायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. नवऱ्याबरोबर इतकं हसल्याचं तिला आठवत नव्हतं. हा माणूस इतका वाईट नाही, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. उंचवटा फुटला, आरपार चर पडला. निघालेल्या दगडांची त्याने चराच्या पुढच्या अंगाला सुरेख ताल रचली, पाण्याने चुकूनही घराकडे वळू नये म्हणून.

पाऊस आला आणि ओघळीचं पाणी चराशी क्षणभर घुटमळून पल्याड गेलं. कड्यावरून त्याचा आवाज यायला लागला. पुढची बाजू कोरडी. शेतातली माती जागची हलली नाही. थोरली बांधावर उभी राहून खाली धाकट्याच्या खड्ड्याकडे बघायची, तिथे वाफे सुकत होते. देवळातल्यापेक्षा जास्त भक्तीने तिने ते काही दिवस पाहिलं.

मग धाकटा वर आला. कैक वर्षांत तो हा चढ चढला नव्हता. अंगणात पोहोचला तेव्हा त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. थोरली सूप घेऊन धान्य पाखडत होती, तिने हात थांबवला नाही की बस म्हटलं नाही. त्याने ओटीच्या खांबाला धरून प्यायला पाणी मागितलं.

"पाणी खालच्याचं ना, भावजी?" ती म्हणाली. "आमच्याकडे कुठलं?"

धाकट्याने गळ्याचा घाम पुसला. मग म्हणाला, विहीर तळाला गेली, गुरं दोन कोस नदीवर न्यावी लागतात. भाजी उपटून टाकतो, खड्डा तुमचा, हवी तितकी माती न्या, पण चराचं तोंड बंद करा. नवरा आतून ऐकत होता, तो बाहेर आला. भाऊ असा घामाघूम उभा बघून तो पाघळला असावा. ताल आहे तशीच उचलून चरात बसवतो, दिवसभराचं काम आहे, असं म्हणून त्याने पहारेकडे हातही केला.

थोरलीने सूप खाली ठेवलं. तोंड बंद करू, ती म्हणाली, पण मी पाटी उलटी केली तेव्हा जाऊबाई बघत होत्या. पहिली पाटी त्यांनी आणायची. स्वतःच्या डोक्यावर. गडी पाठवायचा नाही.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. भावाने पहारेवरचा हात काढून घेतला आणि दगडांकडे बघत राहिला. थोरलीला दोघांचीही कीव आली नाही. एकाच आईच्या पोटी दोन असले निपजावेत, याचं तिला नवल मात्र वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी भुरभुर पावसात धाकटी आली. पायात चपला नव्हत्या. चुंबळ कशी करतात हे तिला माहीत नव्हतं, उघड्या डोक्यावर पाटी, ती दोन्ही हातांनी गच्च धरलेली, मान थरथरत होती आणि चिखलाचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. तिने शेताच्या कडेला पाटी ओतली. थोरली वाकली नाही. पायाच्या अंगठ्याने तिने माती उकरली. काळी, राखेच्या कणांची, आपल्याच चुलीतली राख आपणच मिसळलेली. खड्ड्यातलीच माती ती, तिने एका नजरेत ओळखली.

"ही खड्ड्यातली नाही," ती म्हणाली. "गोठ्यामागची आणलीत. खड्ड्यातली आणा."

धाकटी तोंड उघडून काही बोलणार होती. मग तिने रिकामी पाटी उचलली आणि उतरू लागली. पाय घसरला, बसली, पुन्हा उठली. नवरा मागे उभा होता. आता पुरे झालं, मी तोंड बंद करतो, आभाळ बरं दिसत नाही, असं तो म्हणाला. बायकोने त्याला विचारलं की इतकी वर्षं आभाळ कोणासाठी बरं होतं. एक पाटी अजून येऊ दे, मग करा काय करायचं ते. नवरा ओटीवर जाऊन बसला. जन्मात एकदा तो बरोबर होता, आणि नेमका तेव्हाच त्याने ऐकून घेतलं.

दुपारी वरचा डोंगर दिसेनासा झाला. पाऊस घरावर फारसा नव्हता, सगळा तिकडे वर होता. आधी आवाज आला, मग ओघळ आली, आजवर पाहिली नव्हती एवढी, गढूळ, झाडंझुडपं घेऊन. चरातून ती पल्याड गेली. पुढचा उतार सावकाश होता, तिथे ती इतकी वर्षं रमतगमत उतरायची. पल्याडचा उतार खडा. तिथे पाणी नुसतं पडत नव्हतं, खणत होतं. कड्याची कड सुटली. एक ढेकूळ गेलं, मग त्यामागचं, मग गाडीएवढा तुकडा. कडा पाण्याच्या उलट्या दिशेने घराकडे चालून यायला लागला. ज्या उंचवट्याने सगळं धरून ठेवलं होतं, तो त्यांनी हातांना फोड येईस्तोवर काढून टाकला होता.

नवऱ्याने ताल ढकलली. सुरेख रचलेले दगड एकामागून एक चरात पडले आणि दिसेनासे झाले. त्याने आणखी लोटले, गोठ्याची भिंत पाडून तिचेही लोटले. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. चराची एक बाजू सुटली आणि फट शेतात शिरली. शेताची माती खोल होती, मऊ होती, पिढ्यांपिढ्या बायकांच्या डोक्यांवरून आलेली होती, तिने पाण्याला अजिबात त्रास दिला नाही. मोठमोठे काप कलले, क्षणभर उभे राहिले आणि पल्याड गेले. थोरली बांधावर हात पसरून उभी होती, शेळीला अडवतात तशी. नवऱ्याने तिला दंडाला धरून ओढलं, आणि ती उभी होती ती जागा गेली.

पाऊस उतरला तेव्हा घर तेवढं वाचलं होतं, शेताच्या जागी पिवळट कातळ उरला होता, धुतलेला, स्वच्छ. खालच्या कडेला काळ्या मातीची एक पट्टी राहिली होती, चटईएवढी. त्या बाजूने धाकटी वर आली. मागे धाकटा होता, तो धापा टाकत चढत होता. धाकटीच्या डोक्यावर दुसरी पाटी होती, भिजून जड झालेली. यावेळी तिने लुगड्याच्या पदराची चुंबळ केली होती. समोर काय आहे ते तिला लगेच उमगलं नसावं. ती कातळाच्या काठाशी आली, डोक्यावरची पाटी सावरली आणि तिने विचारलं,

"कुठे टाकू, जाऊबाई?"

तिने ते टोचायला विचारलं असतं तर थोरलीला उत्तर सापडलं असतं. ती खरोखरच विचारत होती. मानेला ओझं झालं होतं आणि तिला ते टाकायचं होतं. थोरलीने दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि कातळावर ठेवली. ओतली नाही. चौघंजण त्या पाटीभोवती उभी राहिली, आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

ओघळ पुन्हा पुढे वळली नाही. आता तिचं पात्र पुरुषभर खोल गेलं होतं, आणि दगड्याच काय, सगळं गाव राबलं असतं तरी ती वर चढली नसती. खालची नदी तेवढ्या पाण्याने कायमची बारीक झाली. नदीकाठचे लोक खिंडीत येऊन बघून गेले, तोंडाला पदर आणि रुमाल लावून. भावाभावांच्या भांडणात नदी विकली, असं म्हणत गेले. विकली असती तर निदान काही हाती आलं असतं. नवरा दुसऱ्यांच्या ताली रचायला दूरदूर जाऊ लागला आणि आता ओठ मुरडत नव्हता.

पाऊस संपल्यावर एके सकाळी थोरली परसातून पल्याड उतरली. या घरातून तिकडे उतरणारी ती पहिलीच. हातात पाटी होती, ती का घेतली हे तिलाही सांगता आलं नसतं. वाट नव्हतीच, झुडपांना धरून बसत, घसरत उतरावं लागलं. खाली उतार संपला तिथे तिला ती नदी दिसली. त्यांच्या नदीसारखीच होती. तेवढीच रुंद, तसेच दगड, तसेच बगळे. सवत म्हणून जिचा एवढा राग केला ती इतकी साधी निघावी, याचंच तिला वाईट वाटलं.

काठाची सगळी जमीन लाल होती, आणि लालात मधोमध काळा लांबरुंद पट्टा पसरलेला. तिने लांबूनच ओळखला. एक माणूस त्यात सऱ्या पाडत होता, त्याची बायको मागून बी टाकत होती. तो अंगाने सडसडीत होता, कपाळावर आठ्या, हावरट वगैरे काही दिसत नव्हता. थोरली खाली बसली आणि मूठभर माती हातात घेतली. राखेचे कण तसेच होते.

माणूस थांबला. बघा बघा, तो कौतुकाने म्हणाला, अशी माती या काठाला माझ्या बापानेही पाहिली नव्हती. एका पावसात वरून आली. वर कोणी राहतं की काय कोण जाणे. राहत असले तर दगडच असणार, अशी माती हातची घालवायची म्हणजे. बायको हसली. थोरलीनेही मान डोलावली, कारण यात खोटं काही नव्हतं.

"तुम्ही कुठल्या?" त्याने विचारलं.

आयुष्यभर या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं, आणि ते ती हनुवटी उचलून द्यायची.

"खालची," ती म्हणाली.

त्याची नजर तिच्या हातातल्या पाटीकडे गेली. न्यायची का थोडी, त्याने विचारलं, घरापुढे फुलझाडं लावायला बरी आहे. तिच्या उत्तराची वाट न बघता त्याने फावड्याने पाटी काठोकाठ भरली, आणि उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हातही लावला. आमच्याकडे उदंड आहे, तो म्हणाला, लागली तर परत या. मान थोडी कलली, मग तिच्या ओळखीच्या जागी ओझं बसलं. तिने आभार मानले. आयुष्यात मातीसाठी तिने कोणाचे आभार मानले ते हेच.

ती वळली आणि कड्याच्या दिशेने चालू लागली. "बाई, तिकडे कुठे?" तो मागून म्हणाला. "तिकडे वर काही नाही." डोकं फिरलेलं दिसतंय, असं तो बायकोला हळूच म्हणाला. तिने ते ऐकलं, एका हाताने चुंबळ सावरली, दुसऱ्याने पहिलं झुडूप धरलं आणि चढायला लागली.